जेलीफिशचा डंख: चौपाटीवर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

पावसाळ्यात, साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, जुहू, वर्सोवा, आक्सा, दादर, गिरगाव अशा आपल्या चौपाट्यांवर निळे फुगे वाहून येतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जुहूवर त्यांचा मोठा थवा आला आणि अनेकांना डंख बसले. तेव्हापासून या निळ्या फुग्यांचं 'ब्लू बॉटल' हे नाव मुंबईकरांना पाठ झालं, पण डंखानंतर काय करायचं ते मात्र अजूनही चुकतंच. कोणी ओली वाळू चोळतं, कोणी बाटलीतलं प्यायचं पाणी ओततं, कोणी भेळवाल्याकडून लिंबू आणतं. मदत करणाऱ्यांच्या मनात खोट नसते, पण या तिन्ही गोष्टींनी दुखणं वाढण्याचीच शक्यता असते.

उपचार अवघड नाही. महागही नाही. चुकतो तो क्रम. आधी कातडीवर चिकटलेलं विष थोपवायचं आणि मग उष्णता द्यायची, तीही पुरेसा वेळ. हे दोन भाग उलटे झाले किंवा दुसरा भाग अर्धवट सोडला, की माणूस दोन-दोन तास कळवळत राहतो.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे टप्पे पाठ करावे लागणार नाहीत. जेलीफिशच्या धाग्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत विषाची नळी गुंडाळलेली असते आणि स्पर्श झाला, दाब पडला किंवा भोवतालच्या पाण्याचा खारटपणा अचानक बदलला की ती सुटते. धागा अंगाला चिकटतो तेव्हा त्यातल्या थोड्याच पेशी सुटलेल्या असतात, बाकीच्या भरलेल्या राहतात. पहिल्या तीन मिनिटांत आपण जे करतो किंवा टाळतो, ते या उरलेल्या पेशींसाठी.

टप्पा १: घरून निघताना

पावसाळ्यात मुलांना घेऊन चौपाटीवर जाणार असाल, तर पिशवीत एवढं टाका:

- लांब दांड्याचा चिमटा
- दोन-तीन जाड प्लास्टिकच्या पिशव्या (हातमोजे म्हणून)
- रिकामी बाटली किंवा मग, समुद्राचं पाणी घ्यायला
- थर्मासभर उकळतं पाणी
- पांढऱ्या व्हिनेगरची छोटी बाटली
- जुना टॉवेल आणि पॅरासिटामॉल

व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं तेच, साधं पांढरं. चायनीजच्या गाडीवरच्या मिरच्या घातलेल्या बाटलीतलं अजिबात नको. ते कधी वापरायचं आणि कधी नाही, ते टप्पा ५ मध्ये सांगितलं आहे. तो भाग वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

मुलांना घोट्यापर्यंत येणारी घट्ट लेगिंग आणि मोजे घातले तर बराच बचाव होतो, कारण धाग्याला कातडीच सापडत नाही. चपलेचा उपयोग फक्त तळव्यापुरता. धागा घोट्याला आणि पोटरीला विळखा घालतो.

टप्पा २: वाळूत पाय टाकण्याआधी

भरतीचं पाणी जिथपर्यंत येऊन गेलं, तिथे कचऱ्याची आणि शेवाळाची एक रेघ उमटलेली असते. आधी ती रेघ पन्नास-साठ पावलं चालत पाहा. ब्लू बॉटल असतील तर इथेच दिसतील: बोटाएवढे, पारदर्शक, निळसर झाक असलेले फुगे आणि त्यांना लटकलेले गडद निळे दोरे. रेघेत दोन-चार दिसले तर पाण्यात आणखी आहेत असं धरून चाला. तो फुगा शिडासारखा वाऱ्यावर चालतो, त्यामुळे समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा जोरात वाहत असेल तर थवेच्या थवे येतात.

मुंबईत एक वेगळी अडचण आहे. त्याच रेघेत नायलॉनच्या जाळ्यांचे निळे तुकडे, दोऱ्या आणि प्लास्टिक पसरलेलं असतं, आणि ब्लू बॉटलचा धागा हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून मुलांना नियम सोपा द्या: वाळूवरच्या निळ्या कशालाही हात लावायचा नाही.

> सावधान: वाळूवर पडलेली, वाळलेली, मेलेली जेलीफिशही डंख करते. तुटून पडलेला नुसता धागासुद्धा करतो. लहान मुलांना फुगा उचलताना किंवा पायाने फोडताना डंख बसतात. कुत्रा बरोबर असेल तर त्यालाही आवरा.

टप्पा ३: डंख बसला, आता पाण्याबाहेर

पाण्यात डंख बसला की आग होते, माणूस घाबरतो, पाय झाडतो. पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात खरा धोका या घबराटीचा आहे. कमरेएवढ्या पाण्यातला माणूस तोल जाऊन लाटेत ओढला जाऊ शकतो. म्हणून पहिलं काम त्याला धरून बाहेर आणणं. धरताना त्याच्या अंगावरचे धागे तुमच्या हाताला लागणार नाहीत असं, म्हणजे डंखाच्या उलट बाजूने धरा.

बाहेर आल्यावर त्याला बसवा आणि त्याचे हात धरून ठेवा. खाजवणं, चोळणं, टॉवेलने पुसणं ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, आणि नेमकी तीच थांबवायची आहे. बरोबरच्या एकाला जीवरक्षकाकडे पिटाळा आणि दुसऱ्याला चहाच्या टपरीवर: "दादा, भांडंभर उकळतं पाणी द्या, पैसे घ्या, इकडे डंख बसलाय." टपरीवर पातेलं चढवलेलंच असतं. पण हे काम आत्ताच सांगा. बाकी सगळं झाल्यावर पाणी शोधत बसाल तर पंधरा मिनिटं फुकट जातील.

टप्पा ४: दवाखाना की चौपाटी?

धाग्यांना हात लावण्याआधी अर्धा मिनिट माणसाकडे पाहा. खालीलपैकी एकही लक्षण असेल तर लगेच १०८ लावा किंवा सरळ रुग्णालय गाठा:

- श्वास घ्यायला त्रास, छातीत आवळल्यासारखं होणं, आवाज घोगरा होणं
- ओठ, जीभ, चेहरा सुजणं किंवा अंगभर गांधी उठणं
- गरगरणं, ओकाऱ्या, दरदरून घाम, शुद्ध हरपणं
- पाठीत, पोटात, मांड्यांत पेटके येणं
- डंख डोळ्यात, तोंडात किंवा गळ्यावर
- दोन्ही पाय किंवा छाती-पोट व्यापणारा मोठा डंख
- लहान बाळ, गरोदर बाई, हृदयरोगी किंवा दम्याचा रुग्ण

जुहू-वर्सोव्याला विलेपार्ल्याचं कूपर, दादरला परळचं केईएम, गिरगावला मुंबई सेंट्रलचं नायर, आक्सा-मढला कांदिवलीचं शताब्दी ही पालिकेची रुग्णालयं आहेत. मढहून आणि आक्साहून यायला एकच चिंचोळा रस्ता आहे आणि रविवारी संध्याकाळी तो तुंबतो. तिथे 'थोडं थांबून बघू' म्हणू नका. शंका आली की निघा. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास थांबला असेल तर धागे विसरा, जीवरक्षकाच्या मदतीने लगेच सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत) सुरू करा.

> तपासा: ही लक्षणं डंखानंतर अर्ध्या तासानेही सुरू होऊ शकतात. त्या माणसाला एकट्याला सोडू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका.

टप्पा ५: कोणी डंख केला ते ओळखा

पुढचा उपचार यावर ठरतो, म्हणून हा टप्पा ओलांडू नका.

*ब्लू बॉटल.* निळा फुगा आजूबाजूला दिसतो किंवा अंगावर निळा दोरा चिकटलेला असतो. कातडीवर मण्यांच्या माळेसारखी लाल रेघ उठते. आग ताबडतोब होते. मुंबईत पावसाळ्यातले बरेचसे डंख यांचे असतात. इथे व्हिनेगर नको, कारण ऑस्ट्रेलियातल्या प्रथमोपचाराच्या सूचना ब्लू बॉटलसाठी व्हिनेगर वापरू नका असं सांगतात. अलीकडच्या काही प्रयोगांत ते चाललं असं दिसलंय आणि तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण समुद्राचं पाणी आणि उष्णता यांनी काम भागतं, तेव्हा धोका कशाला घ्यायचा?

*बॉक्स जेलीफिश.* शरीर पारदर्शक, चौकोनी घंटेसारखं आणि चार कोपऱ्यांतून लोंबणारे धागे. पाण्यात दिसतच नाही. मुंबईला ब्लू बॉटलच्या मानाने कमी, पण आपल्या किनाऱ्यांवर आढळते. हिच्यासाठी व्हिनेगर हवंच: डंखावर निदान तीस सेकंद हलक्या हाताने ओता, त्याने न सुटलेल्या पेशी निकामी होतात. धागे त्यानंतर काढा.

*ओळख पटली नाही, पण फटक्यासारखे लांब वळ उठलेत आणि माणूस वेदनेने ओरडतोय.* निळं काहीच दिसत नसेल तर बॉक्स समजून व्हिनेगर वापरा आणि रुग्णालयाकडे निघा.

*पाकट.* म्हणजे स्टिंगरे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा. याच्या जखमेची जेलीफिशच्या डंखाशी गल्लत नेहमी होते. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी उतरलेल्या अनेकांना पाकटांनी जखमी केलं होतं. पाकटाचा काटा खुपसला जातो: पायात भोक किंवा चीर पडते, रक्त येतं, वळ नसतात. इथे व्हिनेगरचा उपयोग नाही. रक्त थांबवा, काटा आत रुतला असेल तर उपटू नका, पाय गरम पाण्यात ठेवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा.

टप्पा ६: धागे धुणं आणि काढणं

समुद्राचं पाणी मगात घ्या आणि डंखावर संथपणे ओता. जोराने नाही, धार मारून नाही. सुटे धागे त्याने वाहून जातात. आपल्या चौपाट्यांचं पाणी स्वच्छ नाही हे खरंच. नाल्याच्या तोंडापासून लांबचं घ्या, आणि सगळं झाल्यावर साबणाने जखम धुवायची आहेच. पण या क्षणी खारंच पाणी हवं. नळाचं किंवा बाटलीतलं गोडं पाणी पडलं की खारटपणा बदलतो आणि भरलेल्या पेशी सुटतात.

उरलेले धागे चिमट्याने उचलून काढा, ओढत नेऊ नका. चिमटा नसेल तर हातात दुहेरी प्लास्टिकची पिशवी घालून काढा. काढलेले धागे वाळूत टाकू नका, पिशवीत बांधून कचरापेटीत टाका. दुसऱ्याच्या पायाखाली ते जिवंत असल्यासारखेच डंख करतील. पायातले पैंजण, अंगठ्या, हातातला गंडा सूज चढण्याआधी काढून ठेवा.

जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढायचा सल्ला फार फिरतो. तो सोडून द्या. खरवडलं की दाब पडतो आणि दाबाने पेशी सुटतात.

हे करू नका, आणि कोणी करायला आलं तर नम्रपणे पण ठामपणे अडवा:

- वाळू चोळणं. याहून वाईट उपाय नाही.
- लघवी. तिचा खारटपणा आणि आम्लता दर माणसागणिक वेगळी असते, पेशी थांबण्याऐवजी सुटू शकतात. मुलाला त्यात जी लाज वाटते ती वेगळीच.
- लिंबू, दारू, अत्तर, टूथपेस्ट, चुना, हळद. यातलं काहीही नको.
- गोळेवाल्याचा बर्फ थेट लावणं. बर्फ वितळला की गोडंच पाणी.
- वर घट्ट फडकं बांधणं. सापाच्या दंशाच्या समजुतीतून लोक दोरी आवळतात. इथे त्याने नुकसानच होतं.

> तपासा: उजेडात, कातडीला समांतर नजर लावून पाहा. बारीक निळे किंवा पारदर्शक तंतू दिसतायत का? दिसत असतील तर पुन्हा खारं पाणी, पुन्हा चिमटा. तंतू निघाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ७: गरम पाणी, आणि खरंच वीस मिनिटं

सगळ्यात जास्त आराम देणारा टप्पा हा, आणि सगळ्यात जास्त अर्धवट सोडला जाणाराही हाच. ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलचा डंख झालेल्या ९६ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना ४५ अंशांचं गरम पाणी दिलं, काहींना बर्फाच्या पिशव्या. वीस मिनिटांनी गरम पाण्यातल्या ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं होतं, बर्फ लावलेल्यांपैकी ३३ टक्के लोकांचं. बर्फाची सवय आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे, म्हणून हे आकडे मुद्दाम देतोय.

इथे वाचक विचारतात: आत्ताच गोडं पाणी नको म्हणालात, मग गरम पाणी गोडं कसं चालतं? धागे निघून गेल्यामुळे चालतं. म्हणूनच टप्पा ६ आधी.

पाणी कसं तयार करायचं. आधी साधं पाणी घ्या, त्यात उकळतं ओता. कधीही उलट नाही. तीन मग साधं आणि एक मग उकळतं, असं मिसळलं की मुंबईच्या हवेत साधारण ४५ अंशांच्या आसपास येतं. थर्मासमधलं पाणी थोडं निवलेलं असतं, तेव्हा दीड मग लागेल. हे प्रमाण अंदाजाचं आहे, शेवटचा निवाडा हाताचा.

चाचणी. पाणी आधी तुमच्या स्वतःच्या मनगटावर घ्या, मग रुग्णाच्या डंख नसलेल्या हातावर. कडक गरम, पण हात काढून घ्यावासा वाटू नये, इतकंच. दुखणाऱ्या भागाला तापमान नीट कळत नाही, म्हणून त्या पायाला विचारून चालत नाही. मधुमेहामुळे पावलं बधिर झालेल्या आजी-आजोबांसाठी आणि लहान मुलांसाठी चाचणी दुसऱ्या मोठ्या माणसानेच करायची, आणि मुलांसाठी पाणी थोडं कोमटाकडे झुकतं ठेवायचं. भाजलं तर डंखापेक्षा मोठं दुखणं पदरात पडेल.

कसं द्यायचं. पावलाला किंवा हाताला डंख असेल तर बादलीत बुडवा. बादली टपरीवर, नारळपाणीवाल्याकडे, कुठेही मिळते. मांडीला, पाठीला असेल तर टॉवेल बुडवून पिळून ठेवा, पण टॉवेल दीड-दोन मिनिटांत निवतो, सारखा बदलावा लागतो. घर किंवा हॉटेल जवळ असेल तर गरम पाण्याचा शॉवर उत्तम. चौपाटीवरच्या पैसे देऊन वापरायच्या न्हाणीघरात गार पाणी असतं, तिथे धावू नका.

किती वेळ. घड्याळ लावून वीस मिनिटं. दुखणं उरलं असेल तर चाळीस मिनिटांपर्यंत. बादलीतलं पाणी सात-आठ मिनिटांत निवतं. पाय बाहेर काढा, गरम पाणी मिसळा, पुन्हा चाचणी घ्या, मग पाय आत. पाय बादलीत असताना वरून उकळतं ओतू नका. पाच मिनिटांनी बरं वाटलं म्हणून उठणारे लोक रिक्षात बसेपर्यंत पुन्हा विव्हळू लागतात.

गरम पाणी मिळालंच नाही तर मग बर्फ, पण कोरड्या, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि वर कापड गुंडाळून.

> सावधान: डोळ्यात डंख असेल तर हा टप्पा लागू नाही. व्हिनेगर नाही, गरम पाणी नाही. डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि नेत्रतज्ज्ञ गाठा.

टप्पा ८: घरी गेल्यावर आणि पुढचे काही दिवस

डंखाची जागा साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यूचे दिवस असतात आणि त्यात या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. खाज सुटली तर सेटिरिझिन किंवा सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मलम, डॉक्टरांना किंवा निदान केमिस्टला वय आणि इतर औषधं सांगून.

लाल रेघा काही दिवस राहतात, खाज त्याहून लांबते. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच रेघा पुन्हा लाल होऊन खाजू लागल्या तर घाबरू नका, शरीर उशिराने प्रतिसाद देतं. डॉक्टरांना मात्र दाखवा. पू, वाढती सूज, वर चढत जाणारा लालसरपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

फोड फुटून जखम उघडी असेल तर तुंबलेल्या पाण्यातून चालणं टाळा. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू अशाच जखमेतून शिरतात. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून जावंच लागलं असेल तर घरी येऊन पाय धुवा आणि लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल पालिकेच्या दवाखान्यात विचारा.

चौपाटीवरचे कपडे हाताने चोळून धुवू नका. वाळलेल्या धाग्याचा तुकडा शिवणीत अडकलेला असतो आणि ओला झाला की पुन्हा डंख करू शकतो. मशीनमध्ये वेगळे धुवा किंवा रबरी हातमोजे घाला. डंख घरकाम करणाऱ्या मावशींच्या हाताला बसावा असं कोणालाच वाटणार नाही, तेव्हा त्यांनाही आधी सांगा.

विसर्जनाच्या दिवशी

भाद्रपदात समुद्रात उतरणारे लोक अनवाणी असतात, धोतर-पायजमा गुडघ्याच्या वर खोचलेला, अंधार आणि गर्दी. मंडळांनी त्या दिवशीची तयारी वेगळी करावी. मूर्ती पाण्यात नेणाऱ्या कार्यकर्त्यांना गमबूट किंवा निदान जाड मोजे आणि पूर्ण पायजमा द्या. बाकीच्यांनी आरती वाळूवरच आटोपावी आणि मूर्ती पालिकेच्या जीवरक्षकांकडे सोपवावी. घरच्या गणपतीला कृत्रिम तलाव हा सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे, लहान मुलं बरोबर असतील तर तोच निवडा. ट्रकमध्ये प्रसादाच्या पातेल्याशेजारी दोन मोठे थर्मास, एक बादली आणि चिमटा ठेवा, आणि ते कोणाच्या ताब्यात आहेत हे निघण्याआधी ठरवा. रात्री ढोल-ताशात हाक ऐकू जात नाही, म्हणून पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकावर किनाऱ्यावरून लक्ष ठेवणारा एक माणूस नेमा. त्याच्या हातात टॉर्च असावा, आणि त्याच्या फोनमध्ये १०८ बरोबर पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक आधीच साठवलेला असावा.